व्हर्नर गव्हर्नर

टॅमरॅक फॉल्समध्ये केस कापायचं दुकान एकच होतं, व्हर्नर कूसिस्तोचं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक पुरुषाला महिन्या-दीड महिन्यातून एकदा त्याच्या तावडीत सापडावंच लागे. तावडीत म्हणायचं कारण असं, की व्हर्नरला बोलता बोलता कात्री चालवता येत नसे. कात्री वर धरायची, आरशातून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघायचं आणि बोलायचं. मुद्दा संपला की मग चार केस कापायचे. आणि मुद्दा निघायचा तो नेमका अर्धं डोकं भादरून झाल्यावर. एका कानावर केस आहेत, दुसऱ्यावर नाहीत, अशा अवस्थेत माणूस उठून जाणार कुठे?

"याला म्हणतात प्रचार," समोर बार चालवणारा त्याचा दोस्त जीनो फाल्की म्हणायचा. "बाकीचे पुढारी लोकांना चहा-कॉफी पाजतात. हा त्यांना अर्धवट भादरून बसवून ठेवतो."

व्हर्नरचा मुद्दाही एकच होता. मिशिगनचा वरचा तुकडा मिशिगनपासून तोडायचा आणि त्याचं वेगळं राज्य करायचं. नावही ठरलेलं होतं, सुपीरिअर. आमच्या डोक्यावर पसरलेल्या सरोवराचं नाव.

मिशिगन हे दोन तुकड्यांचं राज्य. खालचा तुकडा हाताच्या पंजासारखा आहे, म्हणून तिकडचे लोक आपलं गाव तळहातावर बोट ठेवून दाखवतात. वरचा तुकडा आमचा. मधे पाणी आणि पाण्यावर पूल. पूल नवा झाला तेव्हा आम्ही चर्चला जायचे ठेवणीतले कपडे घालून तो बघायला गेलो होतो. या पुलावरून आता काय काय येणार, अशी सगळ्यांना आशा होती. आले ते शिकारी आणि सुट्टीवाले. पुढे लोखंडाची खाण बंद पडली आणि आमची पोरं त्याच पुलावरून मोटारींच्या कारखान्यांत कामाला खाली निघून गेली. तिकडच्या लोकांना आम्ही 'पुलाखालचे' म्हणतो. हा शब्द कसा उच्चारायचा ते व्हर्नरकडून शिकावं. दाताखाली वाळूचा खडा आल्यासारखा तो उच्चारायचा.

त्याला हे वेड लागलं त्याला एक निमित्त झालं. खाण बंद झाल्यावर दोन वर्षांनी तो आणि जीनो गावच्या रस्त्याचं गाऱ्हाणं घेऊन राजधानीत, लॅन्सिंगला गेले. गाऱ्हाणं देऊन झालं, कोणी तरी ते घेतलं, आणि परत निघण्याआधी दोघं एका साध्याशा खाणावळीत जेवायला बसले. ताटाखाली कागद घालायची तिथे पद्धत होती आणि त्या कागदावर मिशिगनचा नकाशा छापलेला होता. व्हर्नर आपलं गाव शोधायला लागला. गाव सोडा, वरचा तुकडाच नव्हता. पंजा होता, आणि पंजाच्या वर जिथे आपण असायला हवं तिथे चेरी भरून भाजलेल्या गोड 'पाय'चं रंगीत चित्र होतं.

वाढणारी मुलगी हसतमुख होती. तिने विचारलं, "कुठून आलात तुम्ही?"

व्हर्नरने त्या चित्रावर बोट ठेवलं. "इथून."

"अय्या, कॅनडातून?" ती म्हणाली.

परतीच्या सबंध दिवसाच्या प्रवासात व्हर्नर एक शब्द बोलला नाही, असं जीनो सांगतो. व्हर्नरच्या बाबतीत हे ऐकून लोक काळजीने विचारायचे, "आजारी होता का?"

त्यानंतर दुकानात कात्री वर जायला लागली. सुदैवाने हे वारं एकट्या व्हर्नरच्या डोक्यात नव्हतं. गावोगावी मंडळं निघाली होती, सह्या गोळा होत होत्या. आमच्या गावचं मंडळ जीनोच्या बारमध्ये भरायचं. अध्यक्ष व्हर्नर, उपाध्यक्ष जीनो, आणि कॉफी व वेलदोड्याचा पाव व्हर्नरच्या बायकोचा, लेम्पीचा. लेम्पी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. शांत बाई. कपात कॉफी संपायच्या आत तिचा हात किटलीसकट पुढे आलेला असायचा. एवढ्या बैठका झाल्या, पण राज्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. व्हर्नरच्या घरात बोलायचं काम व्हर्नरकडे, असं सगळे धरूनच चालले होते.

मग एका वसंतात सगळ्या मंडळांची मोठी सभा झाली. तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या, त्या भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. पहिला अर्धा तास दृष्ट लागावी असा गेला. सगळ्यांचं सगळ्यांशी पटत होतं. मग कुणी तरी विचारलं, "राजधानी कुठे?"

पूर्वेकडचे म्हणाले आमच्याकडे, कारण आमच्याकडे पूल आहे. उत्तरेकडचे म्हणाले आमच्याकडे, कारण आमच्याकडे कॉलेज आहे. दक्षिणेकडचे म्हणाले की तुमच्याकडे एप्रिलपर्यंत बर्फ असतो, आमदार काय घसरगाडीवरून येणार? पश्चिमेकडच्या आम्हा लोकांचं घड्याळच बाकीच्यांपेक्षा एक तास मागे असतं. त्यावरूनही एकाने टोमणा मारला, की यांच्याकडे राजधानी दिली तर प्रत्येक कायदा तासभर उशिरा होईल. बघता बघता लोक उभे राहिले. एका बाईने हातातली पर्स समोरच्या खुर्चीवर आपटली. लॅन्सिंगला जेवढ्या शिव्या दोन वर्षांत दिल्या नसतील तेवढ्या शेजारच्या गावांना दहा मिनिटांत देऊन झाल्या.

व्हर्नर उंच माणूस. खुर्चीवर चढल्यावर तो छताच्या दिव्याला लागला.

"अरे, राजधानी हवी कशाला एका जागी?" तो ओरडला. "शाळेची एक जुनी बस घ्या. आमदार बसमध्ये, गव्हर्नर ड्रायव्हरच्या शेजारी. दर महिन्याला नवं गाव! रस्ता खराब असला तर आधी गव्हर्नरचं बूड दुखेल, मग रस्ता दुरुस्त होईल!"

हॉलभर हशा पिकला. पर्सवाली बाईसुद्धा हसली. आणि मागून कुठल्या तरी टारगटाने आरोळी दिली, "व्हर्नर गव्हर्नर!"

झालं. नावाला नाव असं जुळलं की ते सुटणं शक्य नव्हतं. राजधानीचं काही ठरलं नाही, पण आमच्या गावाला गव्हर्नर मिळाला.

सुरुवातीला ही थट्टाच होती. बर्फ काढायची गाडी गल्लीत आली नाही की लोक दुकानाच्या दारातून डोकं आत घालायचे, "काय गव्हर्नरसाहेब, झोपलात काय?" पण व्हर्नर थट्टेला थट्टेने उत्तर द्यायच्या भानगडीत पडायचा नाही. तो अंगावर कोट चढवायचा आणि गाडीवाल्याला शोधायला निघायचा. कुणाचं कुत्रं कुणाच्या कोंबड्या खातं, चर्चच्या तळघरातली शेगडी कुणी दुरुस्त करायची, विधवा ट्रगिअरबाईंच्या छपरावरचा बर्फ या वर्षी कुणाच्या पोराने उतरवायचा, हे सगळं त्याच्या खुर्चीशी येऊ लागलं. तो आरशातून दोन्ही बाजू ऐकायचा आणि निकाल द्यायचा. निकाल बरेचदा चुकायचा. एकदा त्याने कुत्र्याऐवजी कोंबड्या बांधून ठेवायला सांगितलं होतं. पण लोक ऐकायचे, कारण चुकला तरी तो दुसऱ्या दिवशी घरी येऊन विचारायचा, "काय, जमतंय का? नाही तर फिरवू निकाल?"

त्या जानेवारीत वादळ आलं. आमच्याकडे वादळाला वादळ म्हणायला बराच बर्फ पडावा लागतो. यात दारं उघडेनात, विजेच्या तारा तुटल्या आणि घरं तापवायचं तेल घेऊन येणारी गाडी हमरस्त्यावर अडकून पडली. व्हर्नर बर्फावरचे फळीचे बूट घालून घरोघर फिरला. कुणाकडे लाकडाची चूल आहे, कुणाकडे नाही, हे त्याला तोंडपाठ होतं, कारण दुकानात लोक राज्याबद्दल कमी आणि सरपणाबद्दल जास्त बोलायचे. म्हातारी माणसं त्याने चूल असलेल्या घरांत वाटून टाकली. ट्रगिअरबाई हटून बसल्या. चाळीस वर्षं ज्या शेजारणीशी त्या बोलत नव्हत्या, तिच्याच घरात त्यांना धाडलं जात होतं.

"मी इथेच गारठून मरेन," त्या म्हणाल्या.

"मरू नका बाई," व्हर्नर म्हणाला. "जमीन इतकी गोठलीय की पुरायला तुम्हाला मे महिन्यापर्यंत थांबावं लागेल. तोवर ठेवू कुठे? तिच्याच घरात ठेवावं लागेल."

ट्रगिअरबाई गेल्या. तेलाची गाडी गावात पोचली तोवर दोघी पत्ते खेळत होत्या आणि एकमेकींवर लबाडीचा आरोप करत होत्या. तेव्हापासून 'गव्हर्नर' म्हणताना लोकांच्या आवाजातला खट्याळपणा थोडा कमी झाला.

आता रूडीबद्दल सांगायला हवं. रूडी हा व्हर्नर आणि लेम्पीचा एकुलता एक मुलगा. खाण बंद झाली त्याच उन्हाळ्यात तो फ्लिंटला मोटारींच्या कारखान्यात लागला. तिथेच त्याने डार्लीन नावाच्या मुलीशी लग्न केलं. ती मूळची आर्कन्सॉची, म्हणजे पुलाखालच्यांच्याही कितीतरी खालची. दर रविवारी दुपारी रूडीचा फोन यायचा. व्हर्नर विचारायचा, "बर्फ?" रूडी म्हणायचा, "थोडा." व्हर्नर म्हणायचा, "आमच्याकडे कमरेएवढा," आणि फोन लेम्पीकडे द्यायचा. लेम्पी मग बराच वेळ फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी राहायची. मागून व्हर्नरचा आवाज चालू असायचा, "विचार त्याला, पुलाखालचे आमच्या मतदानाबद्दल काय म्हणतात?"

मतदान खरोखरच ठरलं होतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत आमच्या आणि आजूबाजूच्या काही गावांत हा प्रश्न मतपत्रिकेवर आला: वेगळं राज्य व्हावं का? नुसता कौल होता, त्याने लगेच काही होणार नव्हतं. पण व्हर्नरने सप्टेंबरपासून जिवाचं रान केलं. दुकान दुपारीच बंद करून तो दारोदार जायचा. दाढीसुद्धा राहून जायची, आणि न्हाव्याची दाढी वाढलेली पाहून लोकांना गहिवरून यायचं.

मतमोजणी शाळेच्या व्यायामशाळेत झाली. आकडे वाचून दाखवले तेव्हा व्हर्नर खिडकीपाशी उभा होता. आसपासच्या गावांत हरलो हे त्याने शांतपणे ऐकलं. मग टॅमरॅक फॉल्सचे आकडे आले. तिथेही 'नाही' पुढे होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं घसघशीत.

लोक त्याच्याकडे बघेनात. अर्ध्या गावाने कॉफी पिऊन, सही करून, खांद्यावर थाप मारून आत पडद्यामागे 'नाही'वर खूण केली होती. कुणाला नवे कर बसतील अशी भीती होती, कुणाला शाळेची काळजी, तर कुणाचा राजधानीवरून राग होता. जीनोने त्याला कोट घातला, हाताला धरून घरापर्यंत आणलं आणि फाटकातच थांबला.

"आत येतोस?" व्हर्नरने विचारलं.

"नको," जीनो म्हणाला. "लेम्पीने सौना तापवलीय. धूर दिसतोय."

खरंच, मंगळवार असूनही अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीच्या, धुराड्यातून धूर निघत होता. शनिवारखेरीज लेम्पी सौना कधी तापवत नसे.

दोघं लाकडी फळ्यांवर शेजारी शेजारी बसली. अंधारात दगड तापून लालसर दिसत होते. व्हर्नरने त्यावर पळीभर पाणी टाकलं. चर्रकन आवाज झाला आणि वाफेने खोली भरली.

"कुणी कुणी दगा दिला ते मला आता समजायला लागलंय," तो म्हणाला. "त्या बर्फगाडीवाल्या फॉक्सने. आणि ट्रगिअरबाईने, पैज लावतो."

"ट्रगिअरबाईने 'हो' म्हटलं," लेम्पी म्हणाली. "मला स्वतः सांगितलं तिने. मी 'नाही' म्हटलं."

व्हर्नरच्या हातातली पळी बादलीत पडली.

"तू?"

"मी."

त्याने पळी चाचपून बादलीतून काढली. मग तो म्हणाला, "इतकी वर्षं सगळ्यांना कॉफी पाजलीस ना गं!"

"कॉफी पाहुण्यांना होती. मत माझं होतं."

"पण का? काही कारण?"

लेम्पीने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "रूडी तिकडे आहे," ती म्हणाली. "आज विचारलं मुलगा कुठे असतो, तर म्हणता येतं, इथेच, मिशिगनमध्येच. जरा लांब आहे, पण आपल्याच राज्यात. उद्या काय म्हणू? परराज्यात?"

"अगं, ती नुसती कागदावरची रेघ असते. त्याने काय फरक पडतो?"

"तीच रेघ तू मागत होतास ना?" लेम्पी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तिने फरक पडत नसेल तर दोन महिने दाढी न करता हिंडलास कशाला? आणि पडत असेल, तर माझा मुलगा तिच्या पलीकडे जातो. मला नको होतं ते. एवढंच."

व्हर्नरने पळी खाली ठेवली. तो उठून बाहेर गेला आणि तसाच उघड्या अंगाने बर्फात उभा राहिला. लेम्पीने आतून ओरडून सांगितलं, "पायात काही तरी घाल!"

दोन आठवड्यांत हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला आणि गाव राज्य-बिज्य सगळं विसरलं. व्हर्नर विसरला नाही. तो रागावला होता असंही नाही. लेम्पीशी तो नीट वागायचा, सरपण आणायचा, ताटातलं संपवायचा. पण दुकानात कात्री थांबायचीच बंद झाली. पंधरा मिनिटांत केस कापून मोकळा. गिऱ्हाईक खुर्चीतून उतरताना फसवल्यासारखं तोंड करायचं.

जीनोला सर्वांत आधी भीती वाटली. तो बारमधून थेट लेम्पीच्या स्वयंपाकघरात आला. "याला कुठे तरी ने," तो म्हणाला. "काल माझे केस कापले. सलग! मला रडूच यायचं बाकी होतं."

लेम्पीने ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात पॅस्टी करून फडक्यात बांधल्या, खिमा, बटाटा आणि सलगम भरलेल्या, आणि व्हर्नरला सांगितलं, "गाडी काढ. रूडीकडे जायचंय."

इतक्या वर्षांत तो एकदाही तिकडे गेला नव्हता. दरवेळी काही तरी निघायचं: दुकान, बर्फ, सभा. या वेळी त्याला काहीच सुचलं नाही. पहाटे निघून, पूल ओलांडून, संध्याकाळी ते फ्लिंटला पोचले. रूडीचं घर एकसारख्या घरांच्या रांगेत होतं. डार्लीन दारातच उभी होती. गोरी, ठेंगणी, सातव्या महिन्याचं पोट. हे फोनवरून लेम्पीला माहीत होतं; व्हर्नरला 'बर्फ'च्या पुढे काही माहीत असायचं कारणच नव्हतं.

"या, पा," ती वडिलांना हाक मारावी तसं, आपल्या दक्षिणी हेलात म्हणाली. "तुम्ही गव्हर्नर ना? रूडी सगळ्यांना सांगतो."

व्हर्नरने रूडीकडे बघितलं. रूडी बुटाची नाडी सोडत होता, त्याने मान वर केली नाही.

शनिवारी रूडी म्हणाला, "पा, चल, तुला एक जागा दाखवतो." दोन गल्ल्या पलीकडे एका घरामागे गॅरेज होतं. गॅरेजच्या मागच्या भागात फळ्या ठोकून कुणी तरी सौना बनवली होती. बाहेरच्या अर्ध्या भागात खोक्यांवर आणि जुन्या टायरांवर दहा-बारा माणसं पंचे गुंडाळून बसली होती. काही तरुण, काही व्हर्नरच्या वयाची. सगळी वरची. कुणी ओन्टॉनागनचं, कुणी क्रिस्टल फॉल्सचं, आणि दोघं तर टॅमरॅक फॉल्सचेच, ज्यांची पोरवयातली डोकी व्हर्नरने भादरली होती. भिंतीवर हरणाची शिंगं होती. गप्पा चालल्या होत्या त्या घरच्या: कुठला तलाव गोठला, कुणाच्या बापाने हरीण मारलं, कुठल्या रस्त्यावर या वर्षी गाडी बर्फात अडकतेय. कारखान्याचा विषय नाही, फ्लिंटचा नाही.

"मतदानाचं ऐकलं," एक जण म्हणाला. "वाईट वाटलं. आम्हाला मत असतं ना, तर एक 'नाही' पडलं नसतं इथून."

"आपल्याला कशाला मत?" दुसरा म्हणाला. "आपण आता पुलाखालचे."

सगळे हसले. व्हर्नर हसला नाही. तो रूडीकडे बघत होता.

घामेजलेल्या अंगाने बापलेक मागच्या पायरीवर वाऱ्याला बसले तेव्हा व्हर्नर म्हणाला, "तू मला सांगितलं नाहीस. हे सगळे... डार्लीनचं..."

"तू विचारायचास ना बर्फाचं," रूडी म्हणाला. "आणि मागून ऐकू यायचं, पुलाखालचे असे, पुलाखालचे तसे. मला वाटलं, आपण पण त्यातच. राज्य झालं असतं तर मी तिकडे पाहुणा म्हणून आलो असतो, पा. डार्लीन म्हणायची, विचार त्यांना. माझी हिंमत नाही झाली."

व्हर्नरने पंचा खांद्यावर घेतला, काढला, पुन्हा घेतला. "मी तुझ्यासाठीच मागत होतो रे," तो म्हणाला. "खाण गेली, तू गेलास. वाटलं, आपलं राज्य असलं तर काही तरी काढू तिथे. कामधंदा निघेल. तुम्ही परत याल." मग थोड्या वेळाने, "हे कधी बोललोच नाही ना मी? एवढं बोललो जन्मभर, आणि हे राहिलं."

"राहिलं," रूडी म्हणाला. त्याने बापाच्या पाठीवर हात ठेवला. ओल्या पाठीवरून वाफ निघत होती.

आत परत आल्यावर व्हर्नरने सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "तुमचे केस कोण कापतं? गवत कापायचं यंत्र?"

त्याची कात्री कोटाच्या खिशात असायचीच. एक खोकं मधे घेतलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्याने एकेकाला बसवायला सुरुवात केली. आरसा नव्हता, म्हणून तो गिऱ्हाइकासमोर येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "कुणाचा तू? आई बरी आहे? घर विकलं की आहे अजून?" माणूस सांगायला लागला की कात्री वर जायची आणि तिथेच थांबायची. फरक एवढाच होता, की या वेळी बोलत होतं ते गिऱ्हाईक. लेम्पी आणि डार्लीन त्यांना शोधत गॅरेजमध्ये आल्या तेव्हा सहा माणसं अर्धवट भादरलेल्या डोक्यांनी बसली होती, कारण व्हर्नरने एकाला पुरं न करता दुसऱ्याला घेतलं होतं. लेम्पी दारात उभी राहून इतकी हसली, की डार्लीनने घाबरून तिला धरलं.

नातीच्या जन्मानंतर व्हर्नर वर्षातून दोनदा फ्लिंटला जाऊ लागला. नवीन राज्याचा विषय तोवर थंडावला होता. मंडळं मोडली, सह्यांचे कागद कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर गेले. व्हर्नरला त्याबद्दल कुणी डिवचलं तर तो म्हणायचा, "व्हायला हवं होतं. अजूनही व्हावं. पण आधी फ्लिंटच्या मतदारांची नावं घाला यादीत." आणि रविवारचा फोन तो स्वतः घ्यायचा. लेम्पीला आता त्याच्या हातून फोन काढून घ्यावा लागायचा.

पुढे कारखान्यातून माणसं कमी केली तेव्हा रूडी, डार्लीन आणि दोन मुली असे सगळे खरोखरच परत आले. त्यात राज्याचा काही संबंध नव्हता; काम गेलं होतं, इतकंच. रूडीने बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करायचं दुकान टाकलं. डार्लीनने पहिला हिवाळा रडून काढला, दुसरा चिडून, आणि तिसऱ्यात सासऱ्याच्या दुकानात दुसरी खुर्ची मांडून बायकांचे केस कापू लागली. तीही बोलायची, पण हात चालू ठेवून. व्हर्नर कौतुकाने बघत राहायचा. "हे कसं करतेस?" त्याने एकदा विचारलं. ती म्हणाली, "पा, मला संध्याकाळी स्वयंपाक असतो."

व्हर्नर गेला एप्रिलच्या सुरुवातीला, दुपारी, खुर्चीत डुलकी लागलेली असताना. त्या वर्षी जमीन फारच खोलवर गोठली होती. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पेटी दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवली आणि सगळे बर्फ उतरायची वाट बघत राहिले. मे उजाडल्यावर फ्लिंटहून चार गाड्या भरून माणसं आली. त्यातल्या बऱ्याच जणांना आता केस कापून घ्यायची गरजच उरलेली नव्हती.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी होती. लेम्पी स्वतः किटली घेऊन फिरत होती. बस म्हणून सांगितलं तरी ऐकत नव्हती. जीनोने तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "कसे गेले गं तुझे हे दिवस?"

"माझे गेले रे," लेम्पी म्हणाली. "त्याचीच काळजी वाटत होती. महिनाभर त्या दगडी खोलीत, शेजारच्या पेटीत माणूस असून एक शब्द बोलायचा नाही." तिने हातातलाच रुमाल डोळ्यांना लावला. "शेजारी कोण ठेवलं होतं, माहितीय? लॅन्सिंगचा एक निवृत्त साहेब. मासे मारायला येऊन इकडेच राहिला होता."

जीनो आधी हसू आवरायला बघत होता. मग त्याने ते आवरलं नाही.